आवर्तसारणीचा क्रम अणुवस्तुमानाने ठरत नाही

माननीय संपादक,

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात आवर्तसारणीवर पानभर मजकूर आणि एक रंगीत तक्ता प्रसिद्ध झाला. तक्ता देखणा होता आणि या विषयाला पूर्ण पान दिल्याबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत. परंतु मजकुराच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मूलद्रव्ये वाढत्या अणुवस्तुमानानुसार मांडलेली असतात’ असे जे विधान आहे, ते चुकीचे आहे. आधुनिक सारणीतला क्रम अणुअंकाचा, म्हणजे अणुकेंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येचा असतो. हा निव्वळ शब्दच्छल नाही. शेजारच्याच तक्त्यात १८ व्या चौकटीत अरगॉन (अणुवस्तुमान ३९.९५) आणि १९ व्या चौकटीत पोटॅशिअम (३९.१०) छापलेले आहे; मजकूर खरा मानला तर तक्ता खोटा ठरतो.

अरगॉनचे हे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आपल्या वातावरणातील जवळजवळ सगळा अरगॉन ४० वस्तुमानांकाचा (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ४०) आहे आणि तो खडकांतील किरणोत्सारी पोटॅशिअम-४० च्या क्षयातून तयार झालेला आहे. म्हणजे पोटॅशिअमपासूनच जन्मलेला हा वायू सरासरीत पोटॅशिअमपेक्षा जड निघतो, कारण पृथ्वीवरचे बहुतेक पोटॅशिअम ३९ वस्तुमानांकाचे आहे. सूर्यात मात्र अरगॉन-३६ चे प्रमाण सर्वाधिक असल्यामुळे तिथला अरगॉन पोटॅशिअमपेक्षा हलका भरेल. वस्तुमानावर क्रम लावायचा ठरवले, तर नमुना कुठून उचलला यावर सारणी बदलेल! प्रोटॉन मात्र दोन्हीकडे १८ च.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव यांनी १८६९ मध्ये आपली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती आणि प्रोटॉनची कल्पनाही कुणाला नव्हती, त्यामुळे अणुवस्तुमान हाच त्यांच्या हातातला धागा होता. आपल्या लेखकांचा घोटाळा बहुधा इथेच झाला असावा. पण खुद्द मेंडेलीव यांनीही वस्तुमानाला अखेरचा शब्द मानले नाही. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९ असल्याने वस्तुमानाच्या रांगेत आयोडीन आधी येऊन गंधक आणि सेलेनिअम यांच्या खाली बसले असते. आयोडीनचा एक अणू सोडिअमच्या एकाच अणूशी संयोग पावतो, अगदी क्लोरीन आणि ब्रोमीनसारखा. गंधकाला मात्र सोडिअमचे दोन अणू लागतात आणि टेल्युरिअमलाही दोनच. हे नाते ओळखून मेंडेलीव यांनी दोघांच्या जागा बदलल्या. गंमत अशी, की त्यासाठी त्यांनी दिलेले कारण साफ चुकीचे होते. टेल्युरिअमचे वस्तुमान मोजण्यात चूक झाली असून ते १२६ च्या वर जाऊच शकत नाही, असा त्यांचा आग्रह होता. मोजमाप बरोबरच होते. निदान चुकले, पण जागा अचूक निघाली.

गुणधर्मांच्या या नात्यावर त्यांचा किती भरवसा होता, हे गॅलिअमच्या प्रकरणात दिसते. अॅल्युमिनिअमच्या खालची रिकामी चौकट त्यांनी ‘एका-अॅल्युमिनिअम’ या नावाने राखून ठेवली होती; यातला ‘एक’ आपल्या संस्कृतातलाच. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना ते मूलद्रव्य सापडले आणि त्यांनी त्याची घनता ४.७ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) नोंदवली. ज्यांनी तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता त्या मेंडेलीव यांनी कळवले, की ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च भरली.

वस्तुमानाच्या मागे दडलेली खरी संख्या १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोसली यांनी उजेडात आणली. एकेका मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्यांनी मोजली, तेव्हा तिचे वर्गमूळ चौकटीगणिक सारख्याच टप्प्याने वाढत असल्याचे दिसले. मेंडेलीव यांच्या हयातीत सारणीतला अनुक्रमांक हा केवळ रांगेतला नंबर होता. मोसलींनंतर ती मोजता येणारी राशी झाली आणि टेल्युरिअम-आयोडीनसारख्या जोड्यांचा प्रश्नच उरला नाही.

लेखातील दुसरी खटकलेली बाब म्हणजे तळाच्या दोन ओळींना ‘मुख्य सारणीबाहेरची दुर्मीळ मूलद्रव्ये’ म्हटले आहे. आवर्तांची, म्हणजे सारणीतल्या आडव्या ओळींची, लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ चौकटी अशी आहे आणि यांची बेरीज बरोबर ११८ येते. ही लांबी अणुकेंद्रकाभोवतीच्या कवचांत इलेक्ट्रॉन कसे भरत जातात यावरून ठरते: पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात जागा असूनही चौथ्यात जातो, तिसऱ्यातल्या उरलेल्या दहा जागा पुढे स्कँडिअमपासून जस्तापर्यंत भरतात, म्हणूनच चौथा आवर्त दहा चौकटींनी लांबतो. सहाव्या आणि सातव्या आवर्तांत अशाच आणखी चौदा चौकटींची भर पडते. त्या सलग छापल्या तर सारणी ३२ स्तंभांची होऊन कागदावर मावणार नाही, एवढ्याच कारणासाठी त्या खाली उतरवलेल्या असतात. शिवाय सगळ्याच दुर्मीळ आहेत असेही नाही. भूकवचात सिरिअमचे प्रमाण शिशापेक्षा जास्त आहे. लॅन्थॅनम तिसऱ्या गणात (उभ्या स्तंभात) बसवायचे की ल्युटेशिअम, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत, त्यामुळे आपल्या तक्त्यातील त्या चौकटीबद्दल माझी तक्रार नाही.

शुद्धिपत्र छापणार असाल, तर २७ आणि २८ या चौकटीही एकदा तपासून पाहाव्यात. कोबाल्टचे अणुवस्तुमान ५८.९३ आणि निकेलचे ५८.६९ आहे. आपल्या तक्त्यात नेमके उलटे आकडे पडले आहेत. आकडे चढत्या क्रमाने दिसावेत म्हणून कुणीतरी ते ‘दुरुस्त’ केले असावेत, असा माझा तर्क आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक