नावडत्या भाज्यांची गोडी लावणाऱ्या आहारतज्ज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

रक्तातील साखर वाढल्यामुळे मी आपल्याकडे आलो, तेव्हा पथ्याची लांबलचक यादी आणि सोबत थोडी बोलणी मिळतील, अशी माझी समजूत होती. आपण मात्र पहिला प्रश्न विचारलात तो असा : “कोबीचे नेमके काय आवडत नाही? वास, चव, की तोंडाला लागणारा गिळगिळीतपणा?” नावडीमागे हट्ट नसून कारण असू शकते, हे गृहीत धरून माझ्याशी कोणी प्रथमच बोलत होते. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोबीच्या कुळातील भाज्यांत ग्लुकोसिनोलेट्स ही कडवट द्रव्ये असतात, त्यांचा कडूपणा किती जाणवावा हे काही अंशी जन्मतः मिळालेल्या जनुकांवर ठरते आणि भाजी फार वेळ उकळली की गंधकयुक्त वास वाढतो, हे आपण मला शांतपणे समजावून सांगितलेत. मग कृती सांगितलीत. कोबीची जाड फोड तापलेल्या तव्यावर कापलेल्या बाजूने टेकवायची आणि कडा तपकिरी होईपर्यंत हलवायची नाही. ती फोड मी प्रथम खाल्ली तेव्हा बाहेरचा पदर खमंग आणि किंचित गोड लागला, आतले पदर करकरीत होते, आणि ज्या वासाने मी ताट दूर सारत असे तो जवळजवळ नव्हताच. चिमूटभर मीठही आपण मुद्दाम घालायला लावलेत, कारण मीठ कडूपणाची जाणीव दाबते.

पालकाच्या बाबतीत आपली पद्धत वेगळी होती. भूक लागलेली असताना, जेवणाच्या सुरुवातीला, मटाराएवढा घास घ्यायचा, तो नीट चावून गिळायचा आणि नको वाटल्यास तिथेच थांबायचे. खाल्ल्याबद्दल स्वतःला गोड बक्षीस द्यायचे नाही, हेही आपण बजावलेत. मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक लिॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात नवे पदार्थ नुसते पाहून मुलांना ते खावेसे वाटू लागले नाहीत, त्यासाठी ते चाखावे लागले, असे आढळले होते. मोठ्या माणसाच्या जिभेलाही तेवढीच सवलत देण्याचा आपला धीर मला फार मोलाचा वाटतो. पालक कधी आवडू लागला ते मला सांगता येणार नाही. आज तो ताटात नसेल तर मी स्वतःहून मागून घेतो, एवढे खरे.

बीट मात्र मला अजूनही आवडत नाही. त्यातील जिओस्मिन हे द्रव्य पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासातही असते, आणि तो वास मला अंगणात हवासा वाटला तरी जेवताना सहन होत नाही. निरनिराळ्या रीतींनी करून पाहिल्यावर मी हे आपल्याला संकोचतच सांगितले, तेव्हा आपण लगेच म्हणालात, “मग बीट सोडून द्या. त्यातले फोलेट हे जीवनसत्त्व पालकातून आणि कडधान्यांतूनही मिळते.” त्या एका परवानगीमुळे उरलेल्या भाज्या मी आनंदाने खाऊ लागलो, आणि तिच्यासाठी मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
आपला एक रुग्ण