दोष फक्त पेशंटचाच का?

संपादक साहेब, नमस्कार.

अँटिबायोटिकला बॅक्टेरिया दाद देईनासे झालेत हा विषय निघाला की पेपरात ठरलेला सल्ला येतो, कोर्स पूर्ण करा, मनाने गोळ्या घेऊ नका. बरोबरच आहे, पण सगळं पेशंटच्या माथी मारून बाकीचे मोकळे होतात त्याचं काय?

बॅक्टेरियातला एनडीएम-1 (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) नावाचा जीन घ्या. आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून कार्बापेनेम गटातली अँटिबायोटिक देतात ना, ती तोडणारं एन्झाइम हा बनवतो. 2008 मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये पहिल्यांदा सापडला, तो आधी दिल्लीत ॲडमिट होता. 2010 ला आपल्याकडे नावात दिल्ली घातली म्हणून गदारोळ झाला, पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्याच पेशंट्समध्ये तो सापडल्याचं छापलं होतं ते कुणी वाचलं? आणि हा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावर असतो, एक बॅक्टेरिया त्याची कॉपी शेजारच्याला देतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. 2011 मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत हा निघाला, नळाच्या 50 पैकी 2 मध्ये! आता ते पाणी पिणाऱ्याने कुठला कोर्स अर्धवट सोडला होता सांगा.

कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या दुसऱ्या अँटिबायोटिकचं तसंच. त्याला न जुमानणारा एमसीआर-1 जीन चीनमध्ये डुकरांत सापडल्याचं 2015 ला जाहीर झालं, आपल्याकडे कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन बंद व्हायला 2019 उजाडलं. उशीर झाला पण काम झालं, नुसत्या सल्ल्याने झालं नसतं.

बाकी कायदे आहेतच की. शेड्यूल एच-1, म्हणजे कडक नियमांनी विकायच्या औषधांची यादी, मार्च 2014 पासून लागू आहे, चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव पाहिजे. परवा आमच्याकडच्या एका मेडिकलमध्ये एकाने "सेफिक्झिमच्या चार द्या" म्हटलं (हे त्याच यादीतलं अँटिबायोटिक), दुकानदाराने कात्रीने स्ट्रिप कापली, इशाऱ्याची लाल रेघ अर्धी इकडे अर्धी तिकडे, चिठ्ठी विचारली नाही की रजिस्टर काढलं नाही.

कोविडमध्ये पुण्यात सांडपाण्यातून व्हायरस शोधला होता, मग मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि औषध कारखान्यांच्या नाल्यांत हे जीन का शोधत नाहीत, आणि शोधले असतील तर रिपोर्ट कुठे आहेत? तुमच्या बातमीदाराने विचारलं तर महापालिका उत्तर तरी देईल, आम्हाला कोण विचारतंय.

एक वाचक, ठाणे