गुरुजींनी ओळखलं कसं?

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या ज्योतिषी गुरुजींचा विषय निघाला की बाबा "तुला सगळंच थोतांड वाटतं" म्हणतात आणि आई लगेच भाजीचं काढते. म्हणून लिहूनच पाठवतेय. तुम्ही गुरुजींकडे गेलात तेव्हाचं रेकॉर्डिंग आईनं धाडलं ते माझी खात्री पटावी म्हणून. नेरूळहून ठाण्याला येताना गाडीत ते सबंध ऐकलं. ऐरोलीच्या आसपास मागे नेऊन पुन्हा ऐकलं, कारण तुम्ही सांगितलं होतंत एक आणि ऐकू येत होतं भलतंच.

"न विचारता त्यांनी दादाच्या नोकरीचं ओळखलं" असं तुम्ही म्हणालात. आता रेकॉर्डिंग ऐका. गुरुजी म्हणतात, "मुलांपैकी एकाची काळजी दिसते." आई : "हो, थोरल्याची." गुरुजी : "स्थैर्य नाही." आई : "कंपनीनं कमी केलं हो, मार्चपासून घरीच आहे." मग बराच वेळ कुलदेवतेचं चालतं. त्यानंतर गुरुजी आवाज खाली आणून सांगतात, "थोरल्याची नोकरी होळीच्या सुमारास सुटली." आणि आई म्हणते, "अगदी बरोबर!" अगं आई, तूच सांगितलंस की!

सरकारी कागदांचं तर त्याहून मजेशीर आहे. "सरकारदरबारी काहीतरी अडकलंय," असं ते म्हणाल्यावर तुम्ही दोघं गप्प. आपलं काही अडकलेलंच नाही. पण बाबांनी शोधून काढलंच : चिपळूणच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं होतं ते! ते दुरुस्त झालं तेव्हा मी शाळेत होते. गुरुजी म्हणाले, "तेच. त्याचे पडसाद आहेत." पाण्यापासून धोका आहे का, यावर आई "नाही बाई" म्हणाली, तर "मग पुढे जपा." म्हणजे जे जुळलं ते ओळखलं आणि जे जुळलं नाही ते व्हायचंय. बाबा, बँकेत नुसती जमेची बाजू पाहून तुम्ही ताळेबंद पास केला असतात का?

याचा अर्थ तुम्ही भोळे आहात असा नाही. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. कितपत जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं बरीचशी रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलेल्या राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. ती मुलं मानसशास्त्रच शिकत होती. "तुम्ही सगळ्यांसाठी केलंत, पण कुणी जाण ठेवली नाही" हे गुरुजींचं वाक्य ऐकून आईचा आवाज भरून आला. पण सत्तरीच्या कुठल्या बाईला ते खोटं वाटेल? त्यात आपलं आयुष्य आपणच भरतो, आणि श्रेय समोरच्याला देतो.

साडेसातीचंही तसंच. शनी एका राशीत अडीच वर्षं, साडेसाती तीन राशींची, राशी बारा. म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण चौथा हिस्सा माणसांना साडेसाती असतेच. सकाळी ठाणे स्टेशनात उभं राहून हा हिशेब करून बघा! बाबांची मीन रास, तेव्हा सध्या तेही त्यात. आणि सत्तरीनंतरच्या सलग साडेसात वर्षांत काहीच दुखणं-खुपणं झालं नाही, असं कुणाच्या घरात घडतं?

गुरुजी लबाड आहेत असंही मी म्हणत नाही. रे हायमन हे पुढे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ, पण तरुणपणी हात पाहून पैसे मिळवायचे आणि हस्तरेषांवर त्यांचा मनापासून विश्वास बसला होता. लोक थक्क व्हायचे ना! एका जाणकारानं सुचवलं म्हणून त्यांनी रेषांचा जो अर्थ निघतो त्याच्या नेमकं उलट सांगायला सुरुवात केली. लोक तेवढेच थक्क झाले. तुमच्या "अगदी बरोबर"वर गुरुजींचाही विश्वास बसत असेल.

बाबा, नारळीकरांचं तुम्ही मानता, म्हणून हे मुद्दाम. त्यांनी दाभोलकर आणि आणखी काही जणांबरोबर महाराष्ट्रातच चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या घेतल्या, त्यातल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या आणि कोणती कुठल्या गटातली एवढंच विचारलं. उत्तरं पाठवणारे ज्योतिषी 27. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के. छापा-काटा केला असता तरी निम्मी जुळली असती. तिथे "हो, थोरल्याची" म्हणणारी आई समोर नव्हती.

मग माणसं ज्योतिषाकडे जातात तरी का? मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, की शांत खाजणात मासे धरताना कोळी मंत्रतंत्राच्या भानगडीत पडत नाहीत, खुल्या समुद्रात जायचं तर मात्र सगळं साग्रसंगीत. आईनंही आमटीला फोडणी द्यायला कधी मुहूर्त पाहिला नाही. दादाची नोकरी गेली, बाबांच्या डोळ्याचं निघालं, आणि पत्रिका कपाटाबाहेर आल्या. शिवाय गुरुजींनी पाऊण तास घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं. बाबा स्वतःच्या भीतीबद्दल एवढं बोललेले मी आजवर ऐकले नव्हते. दक्षिणेच्या पैशांबद्दल म्हणूनच माझी काही तक्रार नाही. शांत करायची तर करा, मी सुट्टी काढून येईन, प्रसादाचा शिरा आईच्या हातचा असला तर नक्कीच.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुपालटापर्यंत, म्हणजे गुरू रास बदलेपर्यंत, थांबवायचं, हे मात्र मला मान्य नाही. परवा गोखले रोडवर बाबांना समोरून येणारी रिक्षा दिसली नाही, हे आईनंच सांगितलं. डॉक्टरांनी तारीख द्यायची तयारी दाखवली आहे आणि डोळ्यातला पडदा कुणाच्या राशीसाठी थांबत नाही. गुरुजींना मुहूर्त विचारायचाच असेल तर डॉक्टर देतील त्या आठवड्यातला विचारा, एखादा तरी चांगला निघेलच.

आणि पुढच्या वेळी मलाही न्या. अट एकच, बोलायचं फक्त त्यांनी. आपण कुणीही "हो" म्हणायचं नाही, मानही हलवायची नाही. आईला हे जमणार नाही, ठाऊक आहे मला.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. बाबांच्या साखरेचे रिपोर्ट आणि चष्म्याच्या नंबराचा कागद काढून ठेवा, तिथूनच थेट डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची,
सोनू