पिशवीवाल्या बाईंना

बाई,
सप्रेम नमस्कार.

आमचा पोरगा आठवत असेल तुम्हाला. दुसरीतला, मागच्या बाकावरचा, हजेरीला 'प्रेझेंट टीचर' म्हटलं की दिवसभराचं इंग्रजी संपलेला. मी त्याचा बाप, कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतला दुकानदार.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. २००० साली ते पहिलीपासून आलं, पण पोराची पहिली वहीत स्पेलिंग उतरवण्यातच गेली. त्यात घरी मी. तो वाक्य बोलायला गेला की मधेच तोडायचो, 'ही गो नाही रे, ही गोज!' पोरगं गप्प.

पालकसभेत 'बाई, नुसता खेळ चाललाय, पोर्शन कधी संपणार?' असं विचारणारा मीच. तुम्ही चिडला नाहीत. 'उद्या वर्गात येऊन बसा' म्हणालात.

बसलो. तुमची ती कापडी पिशवी निघाली. आत हात घालायचा, वस्तू चाचपायची आणि विचारायचं, 'इज इट अ स्पून?' सगळा वर्ग ओरडणार, 'नो, इट इजन्ट!' मग 'इज इट अ की?' तेच वाक्य पोरांनी तीस-चाळीस वेळा म्हटलं असेल. फळ्यावर लिहून म्हणायला लावलं असतं तर चौथ्यांदाच जांभया आल्या असत्या. इथं आत काय आहे ते कळायचं होतं ना!

आमचा म्हणाला, 'इज इट स्पून?' 'अ' खाल्ला. माझी जीभ वळवळली. तुम्ही मात्र 'अ स्पून? नो, इट इजन्ट अ स्पून' एवढंच म्हणून खेळ पुढं नेलात. दोन वस्तूंनंतर त्याचा 'अ' आपसूक आला. मी घरी वर्षभर काय करत होतो ते तेव्हा कळलं.

'सायमन सेज' म्हटलं तरच सांगितलेलं करायचं, त्या खेळातही तेच. न बोलणाऱ्या पोराला आधी नुसतं ऐकून नाक-कान धरायचं काम. ऐकून ऐकून कान तयार झाले, मग सायमन व्हायला तोच पुढं पळायला लागला.

मागच्या रविवारी देवीचं दर्शन करून हैदराबादचं एक कुटुंब दुकानात आलं. मराठी येत नव्हतं, माझं हिंदी तुटकं. पोरगा गिऱ्हाइकाच्या पायाकडं बघत म्हणाला, 'इज इट सेव्हन? इज इट एट?' ते हसून म्हणाले, 'नो, इट इजन्ट!' दहा नंबर निघाला. मी गल्ल्यावर तोंड मिटून बसलो होतो.

बाई, एकदा दुकानावर या. पायाचं माप तोच घेणार म्हणतोय, अन् पैशाचं नाव काढायचं नाही.

आपला,
मागच्या बाकावरच्याचा बाप