‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकल विकत घेताना फ्रेमवर ‘आजीवन वॉरंटी’ असल्याचे विक्रेते आवर्जून सांगतात, आणि ग्राहकही चार पैसे जास्त मोजण्याचे ते एक सबळ कारण मानतो. मीही मानले होते. मात्र त्या वॉरंटीचा उपयोग करण्याची वेळ आली, तेव्हा या शब्दाला कंपनीच्या लेखी कोणताही ठरलेला अर्थ नाही असे माझ्या लक्षात आले. त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे.

सीटची नळी खाली ज्या जोडावर येऊन मिळते आणि जिथे पॅडलचा आस बसतो, त्या जागी माझ्या ॲल्युमिनिअमच्या फ्रेमला नवव्या वर्षी तडा गेला. तत्पूर्वी सुमारे दोन महिने सायकल कुरकुरत होती आणि मी चेनला तेल, सीटच्या नळीला ग्रीस असे उपाय करत राहिलो. शेवटी पुसताना वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. ती रंगावरचा ओरखडा नव्हती, कारण पॅडलवर जोर दिला की उघडत होती. बिल, फ्रेमचा क्रमांक, छायाचित्रे आणि खरेदीनंतर केलेल्या नोंदणीचा पुरावा मी पाठवला. विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने विक्रेत्याकडे, आणि बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आले की, हा निर्मितीतील दोष नसून वापरामुळे धातूला आलेला थकवा आहे, जो वॉरंटीत येत नाही.

या उत्तरात तांत्रिकदृष्ट्या खोटे काही नाही, हे मी मान्य करतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते अगणित वेळा वाकूनही टिकू शकते. ॲल्युमिनिअमला अशी खालची मर्यादा नाही, लहान ताणही लाखो वेळा पडला की कधी ना कधी तडा संभवतोच. म्हणूनच ॲल्युमिनिअमच्या नळ्या जाड व्यासाच्या करून ताण कमी ठेवतात. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातील पॅडलच्या चाचणीत प्रौढांच्या सायकलीच्या फ्रेमवर १,००० न्यूटन किंवा त्याहून अधिक, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाएवढा भार एक लाख वेळा दिला जातो. रोजच्या वापरात पॅडलवर पडणाऱ्या भारापेक्षा हा कितीतरी जास्त असल्याने ही कसोटी सोपी नाही; पण ती फ्रेम सुरक्षित आहे एवढेच सांगते, ती जन्मभर टिकेल असे सांगत नाही. ही गोष्ट फ्रेम बनवणाऱ्याला ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक चांगली ठाऊक असते. ठाऊक असूनही ‘आजीवन’ लिहायचे आणि वय झाल्यामुळे येणारा नेमका तो बिघाड बारीक अक्षरांत वगळायचा, हे मला पटत नाही.

हमीपत्रे वाचली तर दिसते की ही हमी बहुधा मूळ खरेदीदारापुरतीच असते, सायकल दुसऱ्याला विकली की संपते. पडझड, गंज, रंग, शर्यतीतील वा व्यावसायिक वापर हे सारे सहसा वगळलेले असते. यातील बरीचशी कलमे रास्त आहेत. पडून वाकलेली फ्रेम कोणी फुकट बदलून द्यावी असे मी म्हणणार नाही. गोम आहे ती ‘आयुष्य’ या शब्दात. काही हमीपत्रांत ते खरेदीदाराचे असते, काहींत फ्रेमचे. फ्रेमचे असेल तर फ्रेम मोडली की तिचे आयुष्य संपले आणि त्याबरोबर हमीही. शिवाय ते केव्हा संपले हे कंपनीच ठरवणार. आपल्याकडे ‘तहहयात निवृत्तिवेतन’ म्हटले की कोणाच्या हयातीपर्यंत, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीत ‘आजीवन’ म्हटल्यास ते कोणाचे आयुष्य, हे स्पष्ट करणे अपेक्षित आहे. १९७५ च्या तिथल्या वॉरंटी कायद्याने लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ याचा उल्लेखही आवश्यक केला आहे. सायकलींच्या हमीपत्रांवर ‘मर्यादित आजीवन’ ही विचित्र शब्दजोडी आढळते, तिचे मूळ बहुधा इथेच असावे.

पुष्कळ पत्रव्यवहारानंतर कंपनीने ‘सद्भावना म्हणून’ नवी फ्रेम दिली, पण मनस्ताप तिथे थांबला नाही. जुने मॉडेल बंद झालेले होते. माझे मागचे चाक १३५ मिलिमीटर रुंदीचे, झटपट सुटणाऱ्या कळीचे. नव्या फ्रेमला १४८ मिलिमीटरचा आरपार जाणारा जाड आस लागतो. पुढचे चाक धरणाऱ्या जुन्या फोर्कची दांडी वरपासून खालपर्यंत सरळ, तर नव्या फ्रेमची पुढची नळी खाली रुंद होत जाणारी. चाके, फोर्क, सीटची दांडी, सगळेच नव्याने घ्यावे लागणार, शिवाय सुटे भाग काढण्या-बसवण्याची मजुरीही माझीच. म्हणजे ‘मोफत’ फ्रेमपायी जवळपास नवी सायकल घेण्याची पाळी. मापे बदलणे हा तांत्रिक प्रगतीचा भाग आहे, असे सांगण्यात आले. असेलही, पण जी कंपनी दर काही वर्षांनी मापे बदलते, तिने जन्मभराचे वचन देताना याचा विचार करायला नको का?

माझी मागणी मोठी नाही. कंपन्यांनी ‘आजीवन’ हा शब्द सोडून वर्षे लिहावीत: पाच, दहा, जी त्यांना परवडतील ती. धातूचा थकवा धरला आहे की नाही, मजुरी आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, आणि बदली फ्रेमला जुने भाग बसले नाहीत तर काय, हे बिल करण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती लेखी द्यावे. दहा वर्षांची स्पष्ट हमी असलेली सायकल मी आनंदाने घेईन. तूर्त ती नवी फ्रेम माझ्याकडे खोक्यातच पडून आहे, आणि सोबतच्या कागदानुसार बदलून दिलेल्या फ्रेमला आजीवन हमी लागू नाही.

आपला,
एक सायकलस्वार वाचक