ताई, त्या गुरुवारी तुम्ही मला लायब्ररीत नेलंत

सांगली

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे यायला नको, अशी तुम्ही फोनवर ताकीद दिलीत, म्हणून नुसतं ‘ताई’. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाऊन राहणारे माझ्यासारखे आजोबा पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती हे पडावं, एवढीच इच्छा.

न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सच्या ट्रॅव्हर्स पार्कमध्ये तुम्ही मला गाठलंत, तेव्हा मला तिथे येऊन पाच आठवडे झाले होते. घरात बाळाची अंघोळ, लेकीचं पथ्यपाणी, रात्रीची जागरणं, हे सगळं बायको सांभाळत होती. जावई सकाळीच कामावर जायचे. मला कुणी काही कमी केलं नाही, पण मला तिथे कामच नव्हतं. रोज बाकावर जाऊन बसायचो आणि लांब पुलावरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकायचो. बोलता बोलता मी तुम्हाला सांगून गेलो, की बँकेत नोकरी झाली आणि ती सांभाळून ३१ वर्षं हौशी नाटकात प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवला. हे ऐकल्यावर लोक बहुधा विचारतात, “म्हणजे नाटकात काम नाही केलंत कधी?” तुम्ही तसं काही विचारलं नाहीत. “मग येत्या गुरुवारी माझ्याबरोबर चला,” म्हणालात.

७ नंबरच्या गाडीने टाइम्स स्क्वेअर, तिथून १ नंबर, ६६व्या रस्त्याला उतरायचं. मी खिशात डॉलर मोजून ठेवले होते. ब्रॉडवेवरच्या नाटकांच्या तिकिटांचे भाव जावयांनी एकदा दाखवले होते आणि मी तो विषय त्याच दिवशी सोडला होता. लिंकन सेंटर म्हणजे नाट्यगृहं आणि संगीतगृहं एकत्र असलेलं संकुल; त्याच्या पटांगणात आलो, ते कारंजं, समोर मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या उंच उंच कमानी. माझे पाय तिथेच अडले. हे आपल्यासाठी नाही, असं वाटलं. तुम्ही हाताला धरून मला त्या कमानींच्या बाजूच्या इमारतीत नेलंत.

“तिकीट?” मी विचारलं.

“नाही.”

“मग देणगी वगैरे?”

“अहो, सार्वजनिक वाचनालय आहे हे. बसा.”

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची ही शाखा १९६५ साली उघडली आणि ती नुसती संगीत, नाटक, नृत्य यांचीच आहे, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. पुस्तकं तर आहेतच, पण गाण्याच्या नोटेशनच्या वह्यासुद्धा लोक कार्डावर घरी नेतात. आणि आतमध्ये दोनशेच्या आसपास खुर्च्यांचं ते ब्रूनो वॉल्टर ऑडिटोरियम. वॉल्टर म्हणजे हिटलरच्या काळात जर्मनी सोडावी लागलेले मोठे वाद्यवृंद-संचालक. त्यांची कागदपत्रंही इथेच जपून ठेवली आहेत. माझ्या एका बाजूला पाठीवर व्हायोलिनची पेटी घेतलेली पोरगी होती आणि दुसऱ्या बाजूला बाजार करून थेट आलेले एक गृहस्थ. त्यांच्या पिशवीतून भाजीची पात बाहेर डोकावत होती. कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं.

पियानो सुरू झाला. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही. पण वाजवणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताला एक मुलगा खुर्चीवर बसला होता, त्याच्यावरून माझी नजर हलेना. काळे कपडे, मान किंचित पुढे. पान संपत आलं की तो आवाज न करता उठायचा, पानाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरायचा आणि थांबायचा. बाईंनी जराशी मान हलवली की पान उलटून पुन्हा खाली बसायचा. टाळ्यांच्या वेळी तो मागे सरकून उभा राहिला. ताई, मी विंगेत ३१ वर्षं असाच उभा होतो. तुम्ही हळूच माझ्याकडे बघितलंत आणि तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच मला आणलं होतंत ना?

त्यानंतर आपण किती गुरुवार गेलो! कधी गाणं, कधी नाटकाचं वाचन. चार नट, समोर चार स्टँड, हातात संहिता. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, आणि रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस. “ती खिडकीपाशी जाते,” असं तो वाचायचा आणि मला खिडकी दिसायची.

पण तुमचे खरे आभार मानायचेत ते काचेच्या कपाटासमोरच्या त्या दहा मिनिटांसाठी. वरच्या प्रदर्शनात एक प्रॉम्प्ट बुक, म्हणजे प्रयोगाच्या सगळ्या खुणा केलेली संहिता, उघडून ठेवलं होतं. छापलेलं पान, आणि समासात शिसपेन्सिलीने काढलेले बाण, खुणा, कुणी कुठून यायचं, दिवा कधी उतरवायचा. एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. ते कुणीतरी दिवा लावून, तापमान बघून जपलेलं होतं. माझ्या अशा १७ वह्या होत्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, त्यात सहा गेल्या. बाकीच्या वाळवल्या आणि माळ्यावर टाकल्या. तशा कुणाच्या काय कामाच्या, असं मीच म्हणत होतो. त्या कपाटासमोर मला रडू आलं. तुम्ही पाठ फिरवून दुसरं काहीतरी वाचत उभ्या राहिलात, तेही माझ्या लक्षात आहे.

परत येताना गाडीत तुम्ही बेटी कॉर्विन यांची गोष्ट सांगितलीत. नाटक पडदा पडल्यावर संपतं, मग त्याचं चित्रीकरण करून वाचनालयात का ठेवू नये, असा विचार त्यांनी मांडला. १९७० साली पगाराशिवाय काम सुरू केलं, कलावंतांच्या आणि कामगारांच्या संघटनांची एकेक करून परवानगी मिळवली आणि तीस वर्षं तो विभाग चालवला. ती नाटकं आजही तिथेच बसून बघावी लागतात, बाहेर मिळत नाहीत. मला ती बघायची राहिली. पण मनात सारखं हेच येत होतं, की ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक उभं केलं, तिथे आमच्या मंडळाच्या ३१ वर्षांच्या नाटकांतला एक आवाजसुद्धा आम्ही जपला नाही.

आता इकडची हकिगत. आल्या आल्या माळ्यावरून वह्या काढल्या. अकराच्या अकरा आहेत. पेठेतल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना मी तुमच्या लायब्ररीबद्दल सांगितलं, तेव्हा ते आधी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासिकांच्या दालनातली टेबलं भिंतीला लावून जागा करून दिली. महिन्यातून एका शनिवारी आम्ही नाटक वाचतो. तिकीट नाही, दारात डबाही नाही. स्टँड म्हणून शाळेच्या बँडकडून चार मागून आणलेत, त्यातल्या एकाचा स्क्रू ढिला आहे, तो कागदाची घडी घालून बसवावा लागतो. पहिल्या खेपेला १४ जण आले. परवा सतरंज्या कमी पडल्या. प्रत्येक वाचनाचं फोनवर रेकॉर्डिंग होतं आणि ग्रंथपाल तारीख घालून ते वाचनालयाच्या संगणकावर ठेवतात. मंडळातला आमचा एक जुना नट आता ७८ वर्षांचा आहे. त्याचा आवाज त्यात आला, याचं मला फार समाधान आहे.

परवा तोच वाचताना अडला. संहिता हातात होती, पण चष्मा घसरला. मी पहिल्या रांगेत होतो, पुढचा शब्द माझ्या तोंडून आपोआप गेला. त्याने न बघता तो उचलला, जसा वर्षानुवर्षं उचलायचा.

तुम्ही डिसेंबरात पुण्याला येणार म्हणालात. सांगलीपर्यंत यायलाच हवं. शनिवार कोणता, ते तुमची तारीख कळली की ठरवतो. खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो, माझ्या शेजारची. बायको तुमच्यासाठी मेतकूट करून ठेवणार आहे.

आपला,
विंगेतला आजोबा