दारावर बसणाऱ्या माणसाचं मंत्रिमहोदयांना पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
दिव्यांग कल्याण विभाग

विषय: सर्व्हिस डॉगबद्दलची, म्हणजे दिव्यांगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याबद्दलची, जनजागृती नेमकी कोणाची करायची, याबाबत

महोदय,

अकरा वर्षं मी एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात बसत होतो. समोर रजिस्टर, बाजूला फोन आणि मागच्या भिंतीवर पाटी: 'पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही'. ती पाटी कोणी लावली, कधी लावली, कोणालाच माहीत नव्हतं. पण ती राखायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी चोख करायचो.

एके सकाळी चाळिशीच्या एक बाई आत आल्या, बरोबर काळा लॅब्राडोर. बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा नाही, हातात पांढरी काठी नाही. कुत्र्याच्या अंगावर जाकीट वगैरे काही नाही, नुसता गळपट्टा आणि दोरी. मी उठून पाटीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा सर्व्हिस डॉग आहे." मी म्हणालो, "कार्ड दाखवा." कार्ड असं काही नसतं, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "मॅडम, तुम्हाला तर व्यवस्थित दिसतंय."

माझं बोलणं चालू असतानाच कुत्र्याने पंजा उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी खाली पाहिलं. त्याने पुन्हा ठेवला, या वेळी जरा जोरात, आणि नाकाने त्यांचा हात ढकलायला लागला. मला आयतं कोलीत मिळालं. "आधी त्याला आवरा, मग बोला," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. बाई जवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी काढली, गोळ्या तोंडात टाकल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या. साखर उतरतेय. मग आपण भांडू."

भांडण काही झालं नाही. त्यांनी बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा पाहिला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. कुत्रा त्यांच्या पायाशी आडवा झाला. जे त्याने केलं ते 'आवरायला' मी सांगत होतो, तेही रुग्णालयात, जिथे साखर उतरणं म्हणजे काय हे शिपायालाही कळतं. मला कळत नव्हतं ते इतकंच, की रक्तातली साखर उतरतेय हे सांगायचं काम कुत्राही करतो.

हे पत्र लिहितोय ते त्या पाच मिनिटांमुळे. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, पोस्टर लागतात, भाषणं होतात. पोस्टरवर कुत्रा असलाच तर तो पिवळसर लॅब्राडोर असतो, अंगावर दांडीचा हार्नेस, म्हणजे धरायला दांडी असलेला पट्ट्यांचा साज, असतो आणि शेजारी काळा चष्मा लावलेला माणूस हसत असतो. चित्र खोटं नाही. पण मी अकरा वर्षांत ते कितीदा तरी पाहिलं होतं आणि त्या चित्रानेच मला शिकवलं होतं, की चष्मा आणि हार्नेस नसेल तर समोरचा माणूस थापा मारतोय.

त्या चित्राचा उगम जुना आहे. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये कुत्रे शिकवायची शाळा निघाली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन परतला आणि पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेत अंधांसाठी कुत्रे शिकवणारी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. तेव्हा सर्व्हिस डॉग म्हणजे अंधाचा वाटाड्या, दुसरा अर्थच नव्हता. आज कर्णबधिर माणसाला दाराची घंटा, धुराचा भोंगा, बाळाचं रडणं कळवणारे कुत्रे आहेत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणारे, दार ओढून उघडणारे, पायातले मोजे काढणारे आहेत. फिट आल्यावर मदतीला कोणाला तरी बोलावणारे, युद्धावरून आलेल्या सैनिकाला वाईट स्वप्नातून जागं करणारे आहेत. यांतल्या कितीतरी माणसांकडे पाहून 'काही झालंय' असं वाटणारच नाही. दारावर अडवली जातात ती जास्त करून हीच.

अंधांच्या कुत्र्याबद्दलही लोकांच्या कल्पना गमतीच्या आहेत. कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. कधी निघायचं ते माणूस रहदारीच्या आवाजावरून ठरवतो आणि हुकूम देतो. कुत्र्याचं काम खड्डा, पायरी, डोक्याला लागेल अशी फांदी टाळायचं. आणि माणसाने 'पुढे' म्हटलं पण समोरून गाडी येत असेल, तर हुकूम मोडून जागचं न हलायचं. एरवी आज्ञा पाळणाऱ्या जनावराला योग्य वेळी आज्ञा मोडायला शिकवायचं, हे प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड काम. सुरुवातीचं वर्षभर पिल्लू स्वयंसेवकाच्या घरी माणसांत वाढतं, मग शाळेत कित्येक महिने शिकतं, मग जोडीदाराबरोबर जुळवून घेतं. एवढं करून दारावर उभा असतो मी, पाटीकडे बोट दाखवत.

आता मुद्द्याचं. मी त्या दिवशी काय विचारायला हवं होतं? याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला अमेरिकेच्या नियमांत सापडलं. तिथला दिव्यांग हक्क कायदा १९९० चा, आणि त्याखालची सर्व्हिस डॉगची सुधारित व्याख्या २०११ पासून लागू आहे. कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर दारावरच्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता ते विचारायचं नाही, कागद मागायचे नाहीत, 'करून दाखवा' म्हणायचं नाही, जादा पैसे लावायचे नाहीत. जाकीट सक्तीचं नाही, नोंदणी सक्तीची नाही, कुत्रा स्वतः शिकवलेला असला तरी चालतो. नुसत्या सोबतीने मनाला आधार देणारा कुत्रा मात्र या व्याख्येत बसत नाही, त्याला नेमकं काम शिकवलेलं असावं लागतं.

दुसरा प्रश्न मला फार आवडतो. खऱ्या माणसाला त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: "साखर उतरली की पंजा मारून सांगतो." उगाच घरचा कुत्रा घेऊन आलेला माणूस इथेच अडखळतो. मी पुढे बरेचदा हा प्रश्न विचारला. उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेवरूनच पुष्कळ काही कळतं.

तुमच्याकडे कोणीतरी येऊन सुचवेल, की आपण ओळखपत्र काढू, शिक्का मारू, नोंदवही ठेवू. मी कारकुनी केलेला माणूस आहे, मला नोंदवहीचं प्रेम आहे. तरी सांगतो, नको. लबाडी करणारा माणूस ऑनलाइन जाकीट आणि चकचकीत प्रमाणपत्र मागवून मोकळा होतो. अशी प्रमाणपत्रं राजरोस विकली जातात आणि तिकडच्या कायद्यापुढे त्यांना कवडीची किंमत नाही. कार्डासाठी हेलपाटे घालावे लागतील ते ज्याला चालायलाच त्रास आहे त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पांढऱ्या काठीचा परवाना आजवर कोणी मागितलेला मला माहीत नाही.

'मग कोणीही कुत्रं घेऊन घुसेल' ही तक्रार खोटी नाही, हेही कबूल करतो. न शिकवलेला कुत्रा गर्दीत शिकवलेल्यावर धावून गेला, तर तो काम करणारा कुत्रा कायमचा बिथरू शकतो आणि मालकाचा आधार एका मिनिटात जातो. यावर उपाय कुत्र्याच्या वागण्यात आहे. मालकाला आवरता येत नसेल, भुंकत अंगावर येत असेल, आत घाण करत असेल, तर त्याच अमेरिकी नियमाने कुत्र्याला बाहेर काढता येतं, मग तो खरा सर्व्हिस डॉग असला तरी. हे दारावरच्या माणसाला कोणी सांगतच नाही. आपल्या हातात काहीच अधिकार नाही असं वाटलं, की तो आधीच दार बंद करतो. मात्र कुत्रा बाहेर गेला तरी माणसाला आत येऊन काम करू द्यायचं, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

दोन अडचणी नेहमी पुढे केल्या जातात. एक, बाकीच्यांना भीती वाटते. दुसरी, ॲलर्जी. अमेरिकेच्या नियमात ही दोन्ही प्रवेश नाकारायची कारणं नाहीत, दोघांना लांब लांब बसवायचं. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात टॅक्सीवाल्याला असा कुत्रा जादा पैसे न घेता न्यावा लागतो. त्याला स्वतःलाच वैद्यकीय त्रास असेल तर रीतसर सूट मिळते. म्हणजे वाट निघते. रुग्णालयात कुठवर जायचं, याचाही घोळ घालायचं कारण नाही. बाह्यरुग्ण विभाग, तपासणीची खोली, कॅन्टीन इथे हरकत नाही. शस्त्रक्रियागृह आणि भाजलेल्या रुग्णांचा विभाग, म्हणजे जिथे निर्जंतुक वातावरण राखायचं असतं, तिथे नाही. मी मात्र मुख्य दारातूनच हाकलत होतो, जिथून चिखलाचे बूट घातलेली शेकडो माणसं रोज जात होती.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला. त्याचं आठवं कलम समाजात जाणीव निर्माण करण्याचं आहे, नववं सुगम्यतेचं. या नवव्या कलमात इमारतीत वावरताना मिळणाऱ्या 'जिवंत साहाय्या'चा उल्लेख आहे, पण कुत्र्याचं नाव नाही. ते नाव आपल्याला आपल्या नियमात स्वच्छ लिहावं लागेल. 'प्राण्यांना प्रवेश नाही' या पाटीखाली 'सर्व्हिस डॉग वगळून' एवढे तीन शब्द आले, तरी माझ्यासारख्याचा निम्मा गोंधळ मिटतो.

मोहिमेचे पैसे पोस्टरवर कमी आणि दारावर जास्त खर्च करा, अशी माझी विनंती आहे. सुरक्षारक्षक, स्वागतकक्षातले कर्मचारी, बसचे वाहक, टॅक्सीचालक, हॉटेलातला दारावरचा माणूस. ही माणसं कंत्राटावर असतात, दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून एकदा शिबिर घेऊन भागणार नाही. नवा माणूस गणवेश घालतो त्याच दिवशी अर्धा तास द्या. आणि तो अर्धा तास कुत्रा बाळगणाऱ्या माणसाला द्या, मानधन देऊन. अधिकाऱ्याने सरकवलेल्या स्लाइड मी खूप पाहिल्यात, एकही आठवत नाही. त्या बाईंचा आवाज आठवतो. शिवाय रात्री नऊ वाजता वाद झाला तर फोन करायला एक नंबर हवा, जिथे माणूस फोन उचलेल आणि नियम वाचून दाखवेल.

बाकी लोकांना सांगायचं ते थोडंच आहे. कामावरच्या कुत्र्याला हात लावू नका, हाका मारू नका, खाऊ घालू नका. त्याचं लक्ष तुमच्याकडे गेलं की मालकावरून उडतं. बोलायचं तर माणसाशी बोला. आमच्या इथे तर चांगले शिकलेले डॉक्टर बाईंना ओलांडून कुत्र्याला 'काय रे' करायचे. हो, आणि कुत्रा एकटाच तुमच्याकडे येऊन मागे वळून बघत असेल, तर त्याला हुसकावू नका, त्याच्या मागे जा. त्याचा माणूस कदाचित पडला असेल.

त्या बाई नंतर दर तीन महिन्यांनी तपासणीला यायच्या. दुसऱ्या वेळी मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली, पण फार विरघळल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्यांना असा दरवाजा रोज कुठे ना कुठे भेटत असणार, माझ्या एकट्याच्या माफीने त्यांचं काय भागणार होतं? जाताना मात्र त्यांनी माझ्याच पेनाने एका कोऱ्या फॉर्मच्या मागे ते दोन प्रश्न लिहून दिले आणि खाली लिहिलं, 'तिसरा प्रश्न नाही.'

तो कागद मी टेबलाच्या काचेखाली सरकवला. नोकरी सोडली तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलाला रजिस्टर, किल्ल्या आणि तो कागद, तिन्ही दाखवून आलो. त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. छापायला अर्धं पान पुरेल.

आपला,
स्वागतकक्षातला एक निवृत्त कर्मचारी